झाली का जांभळी?

जूनचा दुसरा आठवडा होता. दिवसभर आभाळ भरून यायचं, पण पाऊस काही पडायचा नाही. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत माणसं घामाने निथळत होती. अशा एका संध्याकाळी आईस्क्रीमच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बाईने माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली आणि विचारलं, "झाली का जांभळी?"

झाली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. तिने हातातल्या कागदी कपात पाहिलं, कडेला वितळलेलं लाकडी चमच्याने निपटून काढलं, तोंडात घोळवलं आणि पुन्हा जीभ दाखवली. "आता?" जीभ होती तशीच गुलाबी. मी मान हलवली. मग तिने रिकामा कप पायरीवर ठेवला, डोक्यावरची चुंबळ नीट बसवली, पाटी उचलायला मला हात लावायला सांगितलं आणि जाता जाता म्हणाली, "मग कसलं जांभूळ?" त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. हातात आलेली नोट खरी की खोटी हे न कळल्यावर माणूस ती उजेडात धरून बघतो, तसा तिचा आवाज होता. ही येऊरहून येणारी मावशी. कपात होती ती तिनेच दोन दिवसांपूर्वी आणून दिलेली जांभळं. आणि आदल्याच संध्याकाळी तेच आईस्क्रीम खाऊन मी दुकानातल्या मुलीला म्हणाले होते, "अगं, अगदी जांभूळच खाल्ल्यासारखं वाटतं गं."

तिचं वाक्य आणि माझं वाक्य, दोन्ही मनापासूनची होती. त्यांचा मेळ मला बसेना.

हे दुकान म्हणजे पूर्वीची पिठाची गिरणी. मी शाळेत असताना दळणाचा डबा घेऊन इथेच यायचे. गव्हावर ज्वारी टाकू नका, असं आईने चारदा बजावून पाठवलेलं असायचं. गिरणीचा पट्टा फटफट वाजत असायचा, त्यामुळे गिरणीवाल्या काकांना ते ओरडून सांगावं लागायचं. गरम पिठाचा वास आणि काकांच्या भुवयांवर साचलेलं पांढरं मला अजून आठवतं. गिरणी बंद पडली, जागा काही वर्षं कुलपात राहिली आणि तीन वर्षांपूर्वी या मुलीने ती भाड्याने घेतली. ती फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, एका मोठ्या डेअरीत काही वर्षं नोकरी केलेली. हीच जागा का घेतलीस, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "गिरणीमुळे थ्री फेज कनेक्शन होतं ना काकू. मशीनला तेच लागतं." गिरणी जिथे बसवली होती तिथले चार बोल्ट अजून फरशीतून वर आलेले आहेत. तिने ते कापले नाहीत, वर एक स्टूल ठेवलंय. त्या स्टुलावर दुपारी तिची आई बसते आणि फणसाचे गरे काढते, नाही तर ताडगोळे सोलते.

दुकान एवढंसं. बाहेर पायरी, आत एक काच लावलेला फ्रीजर, मागे पडदा, पडद्यामागे मशीन. एका वेळी पाच लिटरचा घाणा निघतो, दिवसाला दोन, फार तर तीन घाणे. भिंतीवर शाळेतला असतो तसा काळा फळा आहे. त्यावर डावीकडे 'आज आहे' आणि उजवीकडे 'आज नाही'. या उजव्या बाजूचं मला पहिल्यापासून फार कौतुक. एप्रिलमध्ये डावीकडे हापूस, ताडगोळा, कापा फणस. मेच्या अखेरीला करवंद चढतं आणि आठ-दहा दिवसांत उतरतं. मग जांभूळ. दिवाळीच्या आसपास सीताफळ, थंडीत घोलवडचा चिकू. ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तोच. तो चिकू ती सालासकट घालते आणि त्या सालीचा किंचित खरखरीत, मातकट स्वाद शेवटी जिभेवर राहतो. काही नसेल त्या दिवशी गूळ-नारळ असतं. एकदा भर पावसाळ्यात एक गृहस्थ आंबा मागत होते. आंबा नाही म्हटल्यावर डब्यातला पल्प का नाही वापरत, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "मग फळा कशाला लावलाय, काका?" गृहस्थ गूळ-नारळ घेऊन गेले.

आईस्क्रीममध्ये आपलं फळ असावं ही अपेक्षासुद्धा तशी जुनी नाही. माझ्या लहानपणी लग्नात मिळायचं ते व्हॅनिला, पिस्ता, टूटीफ्रूटी, नाही तर कसाटाची वडी. १९८४ साली जुहूला मंगळुरूकडच्या एका फळविक्रेत्याच्या मुलाने, रघुनंदन कामत यांनी, छोटंसं दुकान काढलं आणि पुढे सीताफळ, शहाळं ही नावं आपल्या तोंडी आईस्क्रीमच्या नावांसारखी बसली. २०२४च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या घरात घरचं माणूस गेल्यासारखी चर्चा झाली. घरातल्या प्रत्येकाला आपण पहिल्यांदा फळाचं आईस्क्रीम कुठे आणि कुणाबरोबर खाल्लं ते आठवत होतं. आमच्या गल्लीतली ही मुलगी त्याच वाटेवरची. दूध तबेल्यातलं, म्हशीचं. पुठ्ठ्याच्या डब्यावर बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असतं त्यात दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल असतं, आणि नुसतं 'आईस्क्रीम' म्हणायचं तर दुधातली स्निग्धता किमान १० टक्के हवी, हे मला तिच्याकडूनच कळलं. "आणि लिटरभर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असलं की नियमात बसतं," ती म्हणाली होती. "म्हणजे बाकी काय ते समजा." बाकी हवा. तिच्या डब्यात हवा कमी असते. चमचा घालताना मनगटाला ते कळतं.

हे सगळं मी लिहितेय, कारण त्या दुकानाबद्दल मला फार आपुलकी आहे. म्हणूनच मावशीचं बोलणं जिव्हारी लागलं.

मावशीला मी गेली बारा-पंधरा वर्षं ओळखते. गोखले रोडच्या कोपऱ्यावर ती बसते. तिच्या पाटीत काय आहे त्यावरून महिना कळावा. करवंदं पळसाच्या पानांच्या द्रोणात. जून उजाडला की शेवळं ही रानभाजी, त्याबरोबर काकडं ही आंबट फळं हवीतच, ती न घेता निघालेल्या गिऱ्हाइकाला ती परत बोलावते, "घसा खाजंल ताई, काकडं न्या." मग जांभळं. श्रावणात करटुली, कुर्डू, टाकळा. गणपतीत पानं-पत्री. तिची जांभळं लहान असतात, लेंडी जांभळं. बी मोठी, गर थोडा, पण रंग असा गडद की पाटीतलं फडकं कायमचं डागाळलेलं. मोठी, लांबट, गुबगुबीत असतात ती राय जांभळं. ती बहाडोलीहून येतात, बदलापूरकडून येतात, आणि बहाडोलीच्या जांभळाला तर आता भौगोलिक मानांकनही आहे. दुकानातली मुलगी गरासाठी राय जांभूळ घेते आणि त्यात मावशीची लेंडी जांभळं मिसळते, चवीला धार यावी म्हणून. बिया मावशीला परत देते, कारण मावशी त्या सुकवून कुटून विकते. माझी आई तीच पूड रोज सकाळी घेते, साखरेसाठी. त्या दिवशी बियांची पिशवी न्यायला मावशी आली होती, आणि मुलगी म्हणाली, "मावशी, बसा की. तुमच्याच जांभळांचं आहे, खाऊन बघा." एवढंच झालं होतं.

आमच्या आजीच्या राज्यात जांभूळ आणि दूध एकत्र येणं म्हणजे मोठा गुन्हा. जांभूळ खाल्लं की तासभर पाणी नाही आणि दूध तर संध्याकाळपर्यंत नाहीच. आम्ही तेव्हा चरईत राहायचो. शाळा सुटल्यावर येता येता दहा पैशांची जांभळं घ्यायची, मीठ लावलेली, कागदाच्या पुडीत. पुडीचा तळ ओला होऊन फाटायच्या आत संपवायची. घरी आलं की आजी दुधाचा पेला हातात धरून दारात उभी. आधी म्हणायची, "जीभ दाखव." जिभेला लपवता येत नाही. रुमालाने पुसा, पाण्याने चूळ भरा, सदऱ्याच्या बाहीवर घासा, जांभळी ती जांभळी. मग तो पेला भावाला मिळायचा आणि मला नुसता लाडू. आजीच्या त्या नियमामागे काही शास्त्र होतं की नाही यात मी पडत नाही. पण खरं जांभूळ ओळखण्याची एक खूण आमच्या घरात होती आणि ती तोंडात होती. घशात तुरट दोरी ओढल्यासारखं वाटायचं, जीभ जाड व्हायची, 'ल' आणि 'र' नीट उच्चारता यायचे नाहीत. मावशी ज्या खुणेने त्या कपाची परीक्षा घेत होती ती माझ्या आजीचीच खूण. मला ती ओळखू आली नव्हती, याचं मला त्या रात्री वाईट वाटलं.

आणि मीठ. जांभूळ म्हटलं की मीठ आलंच. पण आईस्क्रीम म्हटलं की मला जे मीठ आठवतं त्याची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

चाळीत एका बिऱ्हाडाकडे आईस्क्रीमचा पॉट होता. मे महिन्यात तो घरोघर फिरायचा. बाहेरून लाकडी बादली, आत कल्हई केलेला उभा डबा, त्यात लाकडी पाती, वर दातेरी चाक आणि दांडा. सकाळी आजोबा आणि काका सायकलवरून बर्फाची लादी आणायचे, गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लागलेली. ती गोणपाटासकट मोरीत ठेवून धोपाटण्याने फोडायची. मग बादलीत एक थर बर्फ, एक थर खडे मीठ. आजोबा माप सांगायचे, "तीन मुठी बर्फ, एक मूठ मीठ." बर्फात मीठ का घालायचं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला त्या ओल्या बर्फात बोट घालायला लावलं होतं. नुसत्या बर्फात बोट गार पडतं, मिठाच्या बर्फात ते भाजल्यासारखं होतं. मिठाने बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. मीठ नीट मुरलं तर ते उणे २१ अंशांपर्यंत उतरतं, हे पुढे कॉलेजात शिकले. तेव्हा फक्त बोट लाल झालं होतं. मीठ पिशवीभर लागायचं आणि ते फार लांबून आलेलं नसायचं. तेव्हा गाडीने व्हीटीला जाताना भांडुप-कांजूरच्या बाजूला खिडकीतून मिठागरं दिसायची, वाफ्यांच्या कडेला पांढरे ढीग रांगेत. ठाण्याच्या खाडीकाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवलं त्यांचं आगरी हे नावच मुळी आगरावरून पडलेलं.

त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. आटवलेलं दूध, पायरी आंब्याचा रस, साखर. दांडा फिरवायला मुलांची रांग. एकेकाने पन्नास वेढे मोजायचे. माझी पाळी शेवटची, दांडा जड झालेला. सगळे पंगतीची तयारी करायला आत गेले आणि मला राहवलं नाही. झालंय का बघायला मी झाकण उचललं. झाकणावरचं पाणी पुसायचं असतं हे मला माहीत नव्हतं. झाकण परत लावलं, दांडा बसवला, उरलेले वेढे पूर्ण केले. मग वाट्या भरल्या गेल्या, सतरा माणसं होती. पहिला चमचा तोंडात गेला आणि एकदम शांतता झाली. आंबा खारट झाला होता. अगदी टाकून देण्याइतका नाही, पण कुणी 'छान' म्हणावं इतका चांगलाही नाही. डब्याला चीर गेली असेल, असं काका म्हणाले. मी मान खाली घालून खात राहिले. आजोबांनी आपली वाटी संपवली, चमच्याने खरवडली आणि पुढे केली, "अजून थोडं वाढ." ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला विचारता आलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत.

मावशीचा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितला. सांगू की नको असं झालं होतं, मुलगी दुखावेल असं वाटत होतं. तिने ऐकलं, फ्रीजरची काच पुसत राहिली. मग म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. दूध आहे ना त्यात." दुधातली प्रथिनं जांभळातला तुरटपणा धरून ठेवतात, त्यामुळे तो जिभेपर्यंत पोचतच नाही, कोऱ्या चहात दूध घातलं की त्याचा तुरटपणा जातो, तसंच. रंगही दुधात फिकट होऊन जातो. त्यात थंडीने जीभ बधिर, म्हणून साखर एरवीपेक्षा जास्त. "पहिल्या वर्षी मी बिनदुधाचंच केलं होतं, काकू," ती म्हणाली. "लोकांनी अर्धे कप टाकून दिले. घशात अडकतं म्हणाले, दात काळे होतात म्हणाले. एक बाई म्हणाल्या, लिपस्टिक बिघडली. मग दुधाचं केलं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता जमलं."

मी म्हणाले होते. मला ते आठवत होतं.

आपल्याला गावचं हवं असतं, रानातलं हवं असतं, पण तुरटपणा काढून. त्या मुलीने तीन वर्षं आमची तोंडं बघून, आमचे टाकलेले अर्धे कप उचलून, आमच्यासाठी ते जांभूळ गुळगुळीत करत आणलं होतं. त्यात तिची चूक मला कुठे दिसत नाही. दुकान चालवायचंय, भाडं भरायचंय. त्यात इमारतीला पुनर्विकासाची नोटीस लागली आहे. आमच्याकडच्या तीन मजली इमारती एकेक करून पत्र्याआड जातायत, हीही जाईल. लहान कप ११० रुपयांना आहे. मावशीचा जांभळांचा वाटा ५० रुपयांना. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पोटात कसंतरी होतं. पण ही मुलगी मावशीकडून पाटीच्या पाटी घेते, घासाघीस करत नाही, पैसे जागेवर देते. त्याच मावशीला याच वर्षी करवंदांच्या वेळी मी "चाळीसला दे की" म्हणाले होते. तेव्हा हिशेब मांडायचाच तर आधी माझ्या नावावर मांडावा लागेल.

आठवड्याभराने फळ्यावर 'जांभूळ' असं दोनदा लिहिलेलं दिसलं. दुसऱ्याच्या पुढे कंसात 'बिनदुधाचं, मीठ लावून'. मी आत गेले तर मुलगी आणि तिची आई दोघी पडद्यामागे होत्या, मशीन चालू होतं. फळात पाणी जास्त, त्यामुळे साखर कमी पडली तर दगड होतो आणि जास्त झाली तर गोठत नाही. दोन घाणे फुकट गेले होते, हा तिसरा. मशीनच्या तोंडातून ते बाहेर आलं तेव्हा मी जवळ वाकून पाहिलं. आधी पातळ, चकचकीत, शाईसारखं, मग हळूहळू घट्ट होत जाड पट्टीसारखं घडीवर घडी पडत डब्यात बसायला लागलं. कडा जवळजवळ काळी, आणि जिथे चमच्याने खरवडलं तिथे आतून लालसर जांभळा उजेड आल्यासारखा. वास आला तो फळाचा नाही, सालीचा. पावसाआधी झाडाखाली पडून चिरडलेल्या जांभळांना येतो, तो किंचित आंबूस, धुळीचा वास.

पहिला चमचा गार, मग गोड, मग मीठ. आणि मग घशात ती दोरी. मी बोलायला गेले तर जीभ टाळूला चिकटत होती. मुलीच्या आईने मला हाताला धरून बाहेर नेलं आणि लावलेल्या एका स्कूटरच्या आरशासमोर उभं केलं. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका भर गल्लीत आरशात जीभ बघत उभ्या होतो. जांभळी, अगदी मुळापर्यंत. तिचीही तशीच. आजीचा पेला मला इतका स्पष्ट आठवला की दुधाचा वाससुद्धा आला. ते आईस्क्रीम मला आवडलं का? खरं सांगते, दुसरा कप मी घेतला नसता. घरी गेल्यावर पाणी प्यायले, तरी रात्रीपर्यंत तोंडात ते होतंच. पण ते तसं तोंडात राहिलेलं असावं, असंही वाटत होतं.

आता मावशीला द्यायचं होतं. आणि नेमका त्याच रात्री पाऊस कोसळला. एकदा का पाऊस लागला की जांभूळ संपलं. फळ फुगतं, फुटतं, आत अळी होते. गोखले रोडच्या कोपऱ्यावर निळं प्लास्टिक उडत होतं, मावशी नव्हती. मग लावणी सुरू झाली असणार. त्या दिवसांत ती कधीच येत नाही. मुलीने एक कप भरून, झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून, त्यावर पेनाने 'मावशी' लिहून तो फ्रीजरच्या अगदी तळाशी ठेवला. फळ्यावरून जांभूळ उतरलं. जुलैत एकदा दुपारभर वीज गेली. एकदा वितळून पुन्हा गोठलं की आत खडे होतात, कचकच लागतं. मी छत्री घेऊन धावत गेले. मुलगी म्हणाली, "झाकण उघडलंच नाहीये काकू, काही होत नाही." तरी दिवे येईपर्यंत मी तिथेच बसले.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात मावशी आली. पाटीत करटुली, वर ओलं फडकं. मी तिला दुकानापर्यंत घेऊन आले. मुलीने तळातून कप काढला. चिकटपट्टीवरची शाई पसरली होती, पण नाव वाचता येत होतं. मावशीला वाचता येत नाही, म्हणून तिला ते वाचून दाखवलं. ती कप हातात घेऊन उभी राहिली. "येवढं दिस ठेवलंत?" मग झाकण उघडायला गेलेला हात तिने थांबवला. "नात आलीय माझ्याकडं. पाच वर्साची. तिला नेऊ का?"

येऊरपर्यंत ते टिकणार नव्हतं. बस, पुढे पाड्यापर्यंत चालणं, तासाच्या वर. मुलगी म्हणाली, थांबा. समोरच्या औषधांच्या दुकानातून तिने थर्माकोलचा छोटा डबा आणला, इन्सुलिन येतं तो. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आला. तिची आई घरून खडे मीठ घेऊन आली. मग तिघी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी न सांगताच पुढे होऊन थर लावायला सुरुवात केली होती. तीन मुठी बर्फ, एक मूठ मीठ. बोटं भाजल्यासारखी झाली, लाल झाली. कपाच्या झाकणाभोवती मी चिकटपट्टीचे चार वेढे दिले, वरचं पाणी पदराने कोरडं पुसलं, पुन्हा पुसलं, मग कप मध्ये बसवला आणि वरून पुन्हा बर्फ.

"याचं किती?" मावशीने विचारलं. मुलगी काही बोलली नाही. मावशीने पाटीतून ओंजळभर करटुली काढून काउंटरवर ठेवली, थोडा विचार केला आणि आणखी एक ओंजळ ठेवली.

मी तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत गेले. श्रावणातली भुरभुर चालू होती. पाटी तिच्या डोक्यावर, डबा माझ्या हातात. डब्याच्या तळाशी ओल जाणवायला लागली होती. बाकावर बसल्यावर तिने तो मांडीवर घेतला, एका बाजूने झाकण उचलून आत पाहिलं. पांढरं धुकं बाहेर आलं. तिने झाकण पुन्हा लावलं.

"ताई," ती म्हणाली, "ह्ये मिठाचं पाणी आत नाय ना जायाचं?"

"नाही जाणार," मी म्हटलं, आणि येऊरची बस येईपर्यंत झाकणावर हात दाबून धरला.